आमची कुठेही शाखा नाही

मराठी माणसाला एखादा पदार्थ नुसता चवीला आवडून भागत नाही. तो दुसरीकडे मिळत नाही, ही खात्री लागते. दुकानावर 'आमची कुठेही शाखा नाही' ही पाटी दिसली की उन्हात रांग लावल्याचं चीज होतं. पुडा घेऊन निघताना जो आनंद होतो त्यात आतल्या मालाचा वाटा निम्मा. उरलेला निम्मा आनंद नागपूरच्या साडूला हा पुडा नागपुरात मिळत नाही, याचा असतो.

व्हिडिओ गेमचा जागतिक धंदा गेली चाळीस वर्षं याच पाटीवर चालला आहे. तिकडे या पाटीला 'एक्सक्लुझिव्ह' म्हणतात. सोनीच्या प्लेस्टेशनवरचा गेम मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर चालणार नाही, आणि निन्टेन्डोचा गेम निन्टेन्डोखेरीज त्रिभुवनात चालणार नाही. साध्या माणसाला वाटतं, आधी यंत्र घ्यायचं आणि मग त्यावर काय काय चालतं ते बघायचं. प्रत्यक्षात उलटं घडतं. एखादा गेम मनात भरतो आणि त्या पाच हजारांच्या गेमपायी पन्नास हजारांचं यंत्र घरात येतं.

आमच्याकडे ते भाच्यापायी आलं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर टीव्ही नाही आणि मामाचा टीव्ही मोठा आहे, एवढ्या तीन मुद्द्यांवर त्याने हा खटला जिंकला. पीएस फाइव्ह, म्हणजे पाचवं प्लेस्टेशन, भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना विकायला आलं, आणि पहिल्या खेपेचं बुकिंग काही मिनिटांत संपलं होतं. यंत्राची उंची सुमारे ३९ सेंटिमीटर. मराठी शोकेस ३९ सेंटिमीटरच्या वस्तूसाठी बनवलेलंच नसतं. त्यात शाळेतल्या ट्रॉफ्या, काचेचा ताजमहाल आणि कुणीतरी दुबईहून आणलेलं वाळूचं घड्याळ, एवढंच मावतं. शेवटी यंत्र आडवं निजवलं. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. भाच्याने काढला, तिने परत घातला. आत हवा जात नाही, ते तापतं, असं त्याने समजावल्यावर 'बरं, मोठ्या जाळीचा विणते' यावर तडजोड झाली.

या धंद्यात ही पाटी पक्क्या रंगात रंगवली ती निन्टेन्डोने. ही मुळातली पत्त्यांची कंपनी. १८८९ साली, म्हणजे 'केसरी' निघून आठ वर्षं झाली होती तेव्हा, क्योटोमध्ये फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा नावाचे फुलापानांचे पत्ते बनवायला घेतले. पत्त्यांवरून व्हिडिओ गेमवर यायला कंपनीला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. पत्तेवाल्यांचा एक गुण मात्र टिकून राहिला: हातातलं पान शेजाऱ्याला दिसू द्यायचं नाही. १९८५ साली त्यांनी अमेरिकेत जे यंत्र आणलं त्यात एक चिप होती. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये नसेल तर गेम सुरूच होत नसे. बाहेरच्या कंपन्यांना या यंत्रासाठी गेम करायचा तर वर्षाला पाचच करायचे आणि तो गेम दोन वर्षं दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. कॅसेट मात्र आम्हीच बनवणार.

इतक्या कडेकोट बंदोबस्ताचा महाराष्ट्रावर काय परिणाम झाला? काहीही नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जो 'कॅसेटवाला गेम' होता, तो निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची बिनबोभाट नक्कल होती. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत, आणि तालुक्याच्या गावी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे ती मिळे. कॅसेटवर छापलेलं असे '९९९९९९९ इन वन'. पहिल्या पानावर मारिओ, काँट्रा, रणगाडे आणि बदकं मारायची बंदूक. पुढच्या लाखो ओळींत हीच मंडळी नाव बदलून परत परत भेटत. हा मारिओ कुठल्या कंपनीचा, तिने कुठे कसल्या चिपा लावल्या, याचा कुणाला पत्ता नव्हता. तिकडे मूळ दुकानावर पाटी होती, पण आपल्याकडे माल हातगाडीवर आला होता.

आणि कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकायची. हे शास्त्र कुणी शिकवलं नाही, पण सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत एकाच वेळी सगळ्यांना येत होतं. निन्टेन्डोने हे मनात ठेवलं असावं. २०१७ साली आलेल्या त्यांच्या स्विच या यंत्राच्या कॅसेटवर डेनाटोनियम बेंझोएट नावाचं, जगातल्या सर्वांत कडू पदार्थांत मोडणारं रसायन लावलेलं असतं. लहान मुलांनी गिळू नये म्हणून, असं कंपनी म्हणते. यंत्र बाजारात आल्याबरोबर मोठ्या वयाच्या, चांगल्या नोकरीतल्या माणसांनी, त्यात पत्रकारही आले, मुद्दाम ती कॅसेट चाटून पाहिली आणि 'खरंच कडू आहे' म्हणून जाहीर केलं. लहान मुलांनी असं काही केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

सोनी या धंद्यात आली ती अपमान होऊन. निन्टेन्डोच्या यंत्राला सीडी जोडायची असं दोघांचं ठरलं होतं. १९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने तसं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच प्रदर्शनात निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर जाणार असल्याचं सांगितलं. सोनीच्या केन कुतारागी यांनी मग स्वतःचंच यंत्र काढलं. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये पहिलं प्लेस्टेशन आलं. पुढच्या वर्षांत निन्टेन्डो कॅसेटला चिकटून राहिली आणि सीडीच्या प्रशस्त जागेची चटक लागलेले लोक उठून सोनीकडे गेले. 'फायनल फँटसी'चे पहिले सहा भाग निन्टेन्डोकडे निघाले होते. सातवा १९९७ साली तीन सीडी भरून प्लेस्टेशनवर आला. एका रात्रीचा अपमान इतका फायद्यात गेल्याचं दुसरं उदाहरण मला राजकारणातही आठवत नाही, आणि महाराष्ट्राच्या राजकारणात अपमानांची टंचाई नाही.

सेगा या आणखी एका यंत्रवाल्या कंपनीची कथा करुण आहे, म्हणून लवकर आटोपतो. निन्टेन्डोच्या मारिओला टक्कर द्यायला त्यांनी १९९१ साली सॉनिक नावाचा निळा, पळणारा साळू काढला. अमेरिकेतल्या शाळांत मारिओवाले आणि सॉनिकवाले असे दोन पंथ पडले. डबे वाटून खाणारे मित्र वेगळे बसू लागले. २००१ साली सेगाने यंत्रं बनवणं बंद केलं आणि त्याच वर्षी सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर हजर झाला. २००७ साली तर मारिओ आणि सॉनिक बीजिंग ऑलिंपिकच्या गेममध्ये एकत्र पळाले. ज्यांनी यांच्यापायी मैत्र्या तोडल्या होत्या ते तोवर तिशीला आले होते.

आता न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. हे एका दुकानापुरते गेम बहुतेक वेळा सरस निघतात, आणि त्याला कारण आहे. ज्याला सगळ्या यंत्रांसाठी गेम करायचा असतो त्याला सगळ्यांत दुबळ्या यंत्राचा विचार करावा लागतो. ज्याला एकच यंत्र सांभाळायचं असतं तो त्याच्या कानाकोपऱ्यात हात घालतो. शिवाय यंत्राच्या मालकाला तो गेम नुसता विकायचा नसतो. त्याच्या जोरावर यंत्र विकायचं असतं, म्हणून तो पैसा ओततो आणि वर्षानुवर्षं थांबतो.

पण एका यंत्राचे गुण वापरायचे म्हणजे त्याचे अवगुणही झाकायचे. प्लेस्टेशनचे गाजलेले गेम खेळताना मला एक कोडं पडायचं. नायक कितीही बलदंड असो, देवांना उचलून आपटणारा असो, दर वीस मिनिटांनी त्याला दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून आडवं होऊन, अंग चोरत, श्वास रोखून सरकावं लागतं. बाजूने मोकळी वाट असली तरी. भाच्याने खुलासा केला, की नायक त्या फटीत अडकलेला असतो तोवर यंत्र मागच्या मागे पुढचा प्रदेश हार्ड डिस्कवरून काढत असतं. संथ लिफ्टा आणि जोडीदाराला खांदा देऊन चढवण्याचे लांबलचक कार्यक्रम यांचंही तेच. पीएस फाइव्हमधल्या वेगवान साठवणीने हे दुखणं बरंच गेलं. सोनीने ते यंत्र येण्याआधी 'स्पायडर-मॅन'च्या गेममधून करून दाखवलं होतं: न्यूयॉर्कच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायला जुन्या यंत्रावर १५ सेकंद, नव्याच्या नमुन्यावर ०.८. डोंबिवलीहून गाडीत शिरून बघितलेल्या माणसाला मात्र फटीचंच चित्रण जास्त वास्तववादी वाटतं.

सर्वांत चांगला कोणता, यावर भाच्याच्या हॉस्टेलात रात्रीच्या रात्री जातात. माझं मत २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'ला. या मालिकेचा नायक क्रेटॉस. पहिल्या भागांत त्याने ग्रीकांचे देव एकेक करून संपवले, इतके की पुढच्या गेमसाठी तिकडे देव उरले नाहीत आणि त्याला नॉर्वेकडच्या पुराणात बदलीवर जावं लागलं. तिथे त्याने दुसरा संसार मांडला. गेम सुरू होतो तेव्हा बायको वारलेली असते, आणि तिची शेवटची इच्छा अशी की माझी राख सगळ्या जगांमधल्या सर्वांत उंच शिखरावरून सोडावी.

म्हणजे सगळा गेम हा अस्थिविसर्जनाचा प्रवास आहे. बाप आणि मुलगा, कमरेला राखेची पिशवी, आणि वाटेत येईल त्याच्याशी हाणामारी. आमच्या घरातल्या ज्येष्ठांना हे कथानक क्षणात कळलं. आईने पहिला प्रश्न विचारला तो धर्मशास्त्राचा, 'दहावा झाला का?' दुसरा व्यवहाराचा, 'इतक्या लांब कशाला, जवळपास नदी नाही का?' वाटेत या दोघांना एक छाटलेलं मुंडकं भेटतं, ते क्रेटॉस पट्ट्याला लटकवून नेतो आणि ते उरलेल्या रस्ताभर जुन्या गोष्टी सांगत बसतं. यावर आईने आश्चर्य दाखवलं नाही. अशा प्रवासाला बरोबर एखादे काका असतातच, असं तिचं म्हणणं.

क्रेटॉस मुलाला सहसा नावाने हाक मारत नाही. नाव चांगलं ॲट्रियस आहे, पण बाप गुरगुरतो, 'बॉय!' आमच्या पिढीला बापाने 'कार्ट्या' यापलीकडे हाक मारल्याचं आठवत नाही, त्यामुळे यात मला काही उणं दिसलं नाही. सुरुवातीला एक जागा आहे. पोरगा खाली मान घालून बसलेला असतो, बाप त्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे नेतो, हात हवेत थांबतो, आणि तो परत घेतो. अमेरिकेतल्या समीक्षकांनी या हालचालीवर पुष्कळ लिहिलं. माझ्या वडिलांनी बारावीच्या निकालाच्या दिवशी हुबेहूब हीच हालचाल केली होती, पण त्या वेळी कुणी समीक्षक हजर नव्हते. आणखी एक: सबंध गेममध्ये कॅमेरा कुठेही कट होत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सलग दृश्य. असली कसरत करून दाखवायला वेळ, पैसा आणि हट्ट तिन्ही लागतं, आणि ते एका दुकानाच्या मालकाकडेच असतं.

'अनचार्टेड' मालिकेतला 'द लॉस्ट लेगसी' (२०१७) मात्र थेट आपल्या अंगणात येतो. हा पश्चिम घाटात घडतो. क्लोई फ्रेझर नावाची, अर्धी भारतीय, चोरांच्या धंद्यातली बाई गणपतीचा सुळा शोधत होयसळांच्या अवशेषांमध्ये शिरते. हळेबीडू आणि बेलूरची नावं गेममध्ये येतात. म्हणजे घाट कर्नाटकातला, पण डोंगर तोच, म्हणून मी हक्काने बघायला बसलो. परशुरामाने फेकलेला परशू शंकराने दिलेला आहे हे ओळखून गणपतीने तो वार सुळ्यावर घेतला, ही गोष्ट आईने गेममधल्या बाईच्या आधी सांगून टाकली. परशुरामाचं देऊळ चिपळूणजवळ आहे, तिथे कुणीही विचारलं असतं तर सांगितलं असतं, असंही ती म्हणाली. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने एवढा खर्च केला, त्यात चिपळूणचा फेरा जड नव्हता.

गेममधला घाट देखणा आहे, यात वाद नाही. धबधबे, शेवाळलेली शिल्पं, अडकलेल्या हत्तीची सुटका आणि मग त्याच हत्तीवरून फेरफटका. पण सह्याद्रीत पाय मळलेल्या माणसाला काही गोष्टी खटकतात. एवढ्या चिंब रानात एकही जळू नाही. धबधब्यापाशी कांदाभजीची गाडी नाही. आठशे वर्षांच्या देवळाच्या एकाही भिंतीवर बाणाने छेदलेलं बदाम आणि दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली नाहीत. आणि क्लोई त्या निसरड्या कड्यांवर एका हाताने लोंबकळत गप्पा मारते. त्याबाबतीत निन्टेन्डोचा 'झेल्डा' प्रामाणिक. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये दिसेल तो कडा चढता येतो, पण पाऊस सुरू झाला की हात घसरतात आणि माणूस होता तिथे खाली येतो. जगभरच्या खेळाडूंनी या पावसाला शिव्या घातल्या. आपल्याकडच्या कुठल्याही गिर्यारोहण संस्थेने त्याला प्रशस्तिपत्र दिलं असतं.

पावसावरून आठवलं. वर ज्याचं नाव आलं तो 'स्पायडर-मॅन' २०१८ साली प्लेस्टेशनवर यायचा होता, त्याच्या आधी पाश्चात्त्य जगात एक आंदोलन झालं. जाहिरातीच्या चित्रफितीत एका दृश्यात पाण्याची मोठमोठी डबकी होती. नंतरच्या चित्रांत तिथलं पाणी कमी दिसलं. लोक खवळले. डबकी कुठे गेली? आमची फसवणूक झाली! कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला की दर्जा घटवलेला नाही, फक्त डबक्यांचा आकार बदलला आहे. पुढे त्यांनी फोटोवर चिकटवायला डबक्यांची चित्रंही उपलब्ध करून दिली. रस्त्यावर पाणी साठलेलं *नाही* म्हणून भांडणारा नागरिक मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या प्रभागात असा एखादा राहायला आला तर नगरसेवक त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतील.

'ग्रँड तुरिस्मो' ही मोटारींची मालिका १९९७ पासून सोनीच्या दुकानात आहे आणि अजून दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर गेलेली नाही. निर्माते काझुनोरी यामाउची स्वतः शर्यतींत मोटार चालवतात, त्यामुळे त्यांना वाटतं की सगळ्यांना नीट चालवता यावी. गेममध्ये आधी लायसन्सची परीक्षा द्यावी लागते. ब्रेक नेमका कुठे दाबला, वळण कसं घेतलं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, आणि चाक कडेला गेलं की नापास. पुन्हा या. एजंट नाही. हे कळल्यावर माझ्या एका मित्राने, ज्याच्याकडे खऱ्या जगातलं लायसन्स गेली पंचवीस वर्षं आहे, गेम परत केला. मी चिकाटीने पास झालो. चारशेहून जास्त मोटारी समोर मांडलेल्या असतात, फेरारी आणि पोर्शे ओळीने उभ्या. मी सुझुकी स्विफ्ट घेतली. स्पोर्ट प्रकारातली आहे, पण स्विफ्टच. सर्व्हिसिंगचा खर्च माहिती असलेली बरी. भाचा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

(सातव्या भागात मार्च २०२२ मध्ये एक प्रकार घडला. सर्व्हर दुरुस्तीला काढला आणि तीस तासांहून जास्त बंद राहिला. गेम एकट्याने खेळायचा तरी इंटरनेट हवं, अशी रचना. त्यामुळे लोकांच्या स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या पैशाच्या मोटारी गॅरेजमध्ये अडकून पडल्या. दुकानाची वेळ पाळायची सवय असलेल्या पुणेकरांना यात नवं काही वाटलं नाही म्हणतात.)

उरलेल्यांची नुसती हजेरी घेतो. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) सुंदर आहे. १२७४ साली मंगोल त्सुशिमा बेटावर उतरले तेव्हाचा काळ, आणि रस्ता दाखवायला बाणाऐवजी वारा वाहतो. बनवला अमेरिकनांनी, पण त्या बेटाने त्याच्या दोन दिग्दर्शकांना पर्यटनदूत नेमलं, एवढा तो तिथल्या लोकांना आपला वाटला. 'ॲनिमल क्रॉसिंग'मध्ये टॉम नूक नावाचा प्राणी घरासाठी कर्ज देतो, बिनव्याजी, फेडीची मुदत नाही, तगादा नाही. माझ्या बायकोने एवढ्या एका कारणासाठी निन्टेन्डो घेण्याचा विचार केला होता. आणि 'द लास्ट ऑफ अस'. तो २०१३ साली पीएस थ्रीवर आला, २०१४ साली उजळून पीएस फोरवर आला, २०२२ साली नव्याने घडवून पीएस फाइव्हवर आला. गेम उत्तम आहेच. पण एकच गेम त्याच गिऱ्हाईकाला तीनदा विकणं ही कला त्याहून उत्तम आहे.

ही सगळी हौस कितीला पडते, हे गुपित होतं. ते फुटलं कसं, ही या धंद्यातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट. मायक्रोसॉफ्टला ॲक्टिव्हिजन ही 'कॉल ऑफ ड्यूटी'वाली कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरला घ्यायची होती. अमेरिकी सरकार आडवं आलं. जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात सुनावणी झाली आणि वकिलांनी, न्यायाधीशांनी, गंभीर चेहऱ्याने, कोणता गेम कुणाच्या यंत्रावर चालावा यावर दिवसच्या दिवस घालवले. म्हणजे जे आमच्या सोसायटीत जिन्यावर बसून फुकट होतं ते. सोनीने कोर्टात कागद दिले. त्यातले गुप्त आकडे काळ्या मार्कर पेनने खोडले होते. कागद स्कॅन केल्यावर शाईखालचे आकडे दिसू लागले. जगातल्या अग्रगण्य इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची गुपितं मार्करने मारली! 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटी २० लाख. त्या वेळच्या भावाने पहिल्या आकड्याचे सुमारे १,८०० कोटी रुपये होतात.

इतका खर्च एका दुकानाच्या गल्ल्यातून निघणं अवघड. मग जे व्हायचं ते झालं. शाखा निघू लागल्या. सोनीने 'होरायझन'चा पहिला भाग २०२० साली कॉम्प्युटरवर आणला. 'गॉड ऑफ वॉर' जानेवारी २०२२ मध्ये गेला, त्याच ऑगस्टमध्ये 'स्पायडर-मॅन', मे २०२४ मध्ये 'त्सुशिमा'. मायक्रोसॉफ्टने तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले चार गेम थेट प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर देणार असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी 'फोर्झा होरायझन ५' आणि मग 'गिअर्स ऑफ वॉर' प्लेस्टेशनवर आले. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं की 'हॅलो'ही येणार. हॅलो! ज्याच्या जोरावर २००१ साली पहिला एक्सबॉक्स विकला गेला तो. तसा तोही मूळचा घरचा नव्हेच. १९९९ साली तो जगाला दाखवला होता स्टीव्ह जॉब्सने, ॲपलच्या मंचावर. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनीच विकत घेतली.

निन्टेन्डो तेवढी बधलेली नाही. मारिओ कॉम्प्युटरवर नाही, झेल्डा प्लेस्टेशनवर नाही, आणि जुन्या गेमची किंमत उतरवणंही त्यांना कमीपणाचं वाटतं. स्विच तर भारतात अधिकृतपणे आणायची तसदीही त्यांनी वर्षानुवर्षं घेतली नाही. तरी लोक सिंगापूरहून येणाऱ्या मावसभावाला सांगून, नाहीतर चढ्या भावाने इथल्याच एखाद्या दुकानातून ते घेतातच. इतकं दुर्लक्ष करून इतकं प्रेम मिळवणं, हे सदाशिव पेठेच्या बाहेर प्रथमच पाहतो आहे.

शाखा निघाल्या तेव्हा कुणाला काय तोटा झाला? ज्याच्याकडे प्लेस्टेशन होतं त्याचा गेम काही कुणी काढून नेला नाही. क्रेटॉस होता तसाच आहे, राखेची पिशवी कमरेलाच आहे. तरी भाचा घरात सुतक असल्यासारखा वावरत होता. त्याच्या रूममेटने तोच गेम कॉम्प्युटरवर, सेलमध्ये, निम्म्याहून कमी किमतीत घेतला होता आणि शिवाय चित्र जास्त स्पष्ट दिसत होतं. 'आपण आधी खेळलो ना?' मी म्हटलं. 'त्याचं आता कुणाला काय, मामा?' तो म्हणाला.

मग मी 'ब्लडबोर्न'चा विषय काढला. तो तेवढाच त्याला बरं वाटणारा विषय आहे. हिदेताका मियाझाकी यांचा हा २०१५ चा गेम प्लेस्टेशनवरून अजून हललेला नाही. कॉम्प्युटरवाले दहा वर्षं याचना करत आहेत. सोनी कशाचीही घोषणा करो, खाली पहिली विचारणा 'ब्लडबोर्न कधी?' हीच असते. मियाझाकींना विचारलं की ते हक्क सोनीकडे असल्याचं सांगतात. गेम भयंकर अवघड आहे. सुरुवातीलाच फादर गॅस्कॉइन नावाचा कुऱ्हाडवाला दफनभूमीत गाठतो, आणि त्याला मारल्याखेरीज पुढे जाता येत नाही. भाच्याला तो आजवर मारता आलेला नाही. पुढच्या सबंध गेमचं त्याने तोंडही पाहिलेलं नाही.

'उद्या हा कॉम्प्युटरवर आला तर?' मी विचारलं.

'नाही येणार.'

'समजा आला. तुला काय फरक पडतो? तुझा तर पहिलाच माणूस मरत नाहीये.'

त्याने रिमोट खाली ठेवला. 'मामा,' तो म्हणाला, 'मला नाही मारता येत ते ठीक आहे. पण त्या रूममेटला मारायला *मिळतसुद्धा* नाहीये, हे तुम्ही लक्षात घ्या.'